बाराव्या मिनिटाच्या आधी

'चेक वटला नाही' हे वाक्य सोलापुरात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. चादर-टॉवेलचा धंदा उधारीवर चालतो. गठ्ठे आज ट्रान्सपोर्टला जातात, पैसे परगावच्या पेढीवरून सवडीने येतात आणि कधी कधी पैशांऐवजी बँकेचा शेराच परत येतो: खात्यात पुरेशी रक्कम नाही. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनमध्ये, अब्राहम लिंकनच्या स्मारकापुढे जमलेल्या सुमारे अडीच लाख लोकांना मार्टिन ल्यूथर किंग यांनी आधी सांगितले ते हेच. देश उभारणाऱ्यांनी प्रत्येक नागरिकाच्या नावे स्वातंत्र्याची हुंडी लिहून ठेवली. काळा माणूस ती घेऊन गेला तेव्हा ती न वटता परत आली. आम्ही राजधानीत आलो आहोत ते वसुलीसाठी, असा त्या भाषणाच्या पूर्वार्धाचा सूर आहे.

भाषण सतरा मिनिटांचे. 'माझे एक स्वप्न आहे' हे शब्द पहिल्यांदा येतात ते साधारण बाराव्या मिनिटाला. हातातल्या कागदावर तो भाग नव्हताच. जवळ असलेल्या गायिका महालिया जॅक्सन यांनी 'स्वप्नाचे सांगा' असे ओरडून सुचवले आणि किंग यांनी कागद बाजूला सारला. कीर्तनात बुवा थबकले की मागचा टाळकरी अभंगाचे पहिले चरण हळूच पुढे करतो, तसेच काहीसे. जगाने लक्षात ठेवली ती ही शेवटची पाच मिनिटे.

आमच्याकडच्या आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धांतही हीच पाच मिनिटे येतात. परीक्षक म्हणून बसलो की दर एक-दोन वर्षांनी कुणीतरी मुलगा किंवा मुलगी किंग यांना मराठीत आणते. विषय 'राष्ट्रीय एकात्मता' असतो. आवाज चढतो, हात वर जातो, गोऱ्या आणि काळ्या मुलांचे हात एकमेकांत गुंफले जातात आणि सभागृह टाळ्यांनी भरते. मलाही अंगावर काटा आला आहे, हे कबूल करतो. पण टाळ्या वाजवणाऱ्यांत असेही काही असतात, ज्यांना आपल्या गल्लीत कुणाला खोली भाड्याने द्यायची आणि कुणाला नाही, हे आडनावावरून नेमके ठाऊक असते. त्यांनाही ते भाषण आवडते, आणि त्यांना ते टोचत नाही. असे भाषण माणसांना जोडू शकेल का, हा या लेखाचा प्रश्न. उत्तर सरळ 'हो' नाही आणि सरळ 'नाही'ही नाही.

सुरुवातीलाच एक हरकत घेतली जाते: अमेरिकेतला वंश आणि आपली जात या वेगळ्या गोष्टी आहेत, मग परक्याचे भाषण इथे कशाला? हरकत पोकळ नाही. खुद्द बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या 'जातिनिर्मूलन'मध्ये जात म्हणजे वंशभेद ही उपपत्ती फेटाळली होती. २००१ मध्ये दरबानला भरलेल्या वंशवादविरोधी जागतिक परिषदेत जातीचा प्रश्न घ्यावा की नाही यावर मोठा वाद झाला आणि भारत सरकारने त्याला विरोध केला. पण भेद वेगळे असले तरी सोसणाऱ्यांनी एकमेकांना ओळखायला उशीर केला नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी काळ्यांचे विचारवंत नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र पाठवून संयुक्त राष्ट्रसंघाकडे द्यायच्या अर्जाची प्रत मागितली. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिने तर नावच तिकडून घेतले. आणि किंग स्वतः १९५९ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये भारतात आले, तेव्हा केरळातल्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी मुलांना त्यांची ओळख 'अमेरिकेतले अस्पृश्य' अशी करून दिली. आधी धक्का बसला, मग ते खरेच आहे हे कळले, असे किंग यांनी १९६५ च्या आपल्या प्रवचनात सांगितले. तेव्हा उसनवारी दोन्हीकडून आहे.

शिवाय वंशाच्या जवळ जाणारी एक गोष्ट सोलापूरच्या पत्त्यांतच आहे. 'सेटलमेंट फ्री कॉलनी' असा पत्ता आजही लिहिला जातो. रिक्षावाल्याला नुसते 'सेटलमेंट' म्हटले तरी पुरते. १८७१ च्या इंग्रजांच्या कायद्याने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. पारधी, कैकाडी, टकारी अशा जमातींच्या माणसांना इथे तारेच्या कुंपणात आणून ठेवले. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर जायचे नाही, कामाला मात्र गिरणीत जायचे. वागणूक चांगली दिसली की कुंपणाबाहेरच्या 'फ्री' वसाहतीत राहायची मुभा. देशाला स्वातंत्र्य १९४७ ला मिळाले. तो केंद्रीय कायदा रद्द होऊन या माणसांना मोकळीक मिळाली ती ३१ ऑगस्ट १९५२ ला. वसाहतीच्या नावातला 'फ्री' हा शब्द कुणाच्या फारसा ध्यानात येत नाही. पण कुठली हुंडी किती उशिरा वटली याचा तो शिलालेख आहे, आणि तो रोज पोस्टमन वाचतो.

आता भाषणाच्या बाजूने जे म्हणता येते ते आधी म्हणू. शब्दांनी काहीच होत नाही असे म्हणणाऱ्यांनी पंढरपूर आठवावे. अस्पृश्य मानले गेलेले संत चोखोबा मंगळवेढ्याचे. गावकुसाचे बांधकाम ढासळून त्याखाली ते गेले आणि त्यांची समाधी झाली ती महाद्वारात, नामदेव पायरीपाशी. म्हणजे दाराच्या बाहेर. सहा शतकांहून अधिक काळ ती बाहेरच होती आणि वारकरी तिथे डोके टेकवून आत जात होते. त्यात काही खटकण्यासारखे आहे असे फारशा कुणाला वाटले नाही. साने गुरुजींना वाटले. त्यांनी आधी महिनोन्‌महिने महाराष्ट्र पालथा घातला, गावोगाव सभा घेतल्या आणि १ मे १९४७ पासून पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात प्राणांतिक उपोषण आरंभले. दहा दिवसांच्या आत मंदिराचे दार सर्वांना उघडण्याचे ठरले. गुरुजींकडे ना सत्ता होती ना पैसा. होते ते शब्द आणि स्वतःचा देह. त्या सभांनी आधी मन नांगरले नसते, तर उपोषण ही एका हळव्या माणसाची जिद्द ठरली असती.

इथे एक फरक मात्र डोळ्यांआड करू नये. किंग बोलत होते ते ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्यातून. गुरुजी बोलत होते ते ज्यांनी दार लावले होते त्यांच्याच घरातून, आपल्या माणसांना लाज वाटावी म्हणून. आपल्याकडे आज एकतेवरची भाषणे उदंड होतात. पण स्वतःच्या जातीच्या मेळाव्यात उभे राहून, समोर बसलेल्या आप्तांना 'आपले इथे चुकते' असे सांगणारा वक्ता शेवटचा कधी ऐकला, हे प्रत्येकाने आठवून पाहावे. मला आठवायला वेळ लागला.

दुसरी बाजूही तितकीच वजनदार आहे. दार उघडले म्हणून पोट भरले का? बाबासाहेबांनी नाशिकच्या काळाराम मंदिरासाठी १९३० पासून सत्याग्रह चालवला आणि पुढे तो रस्ताच सोडला. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. पंढरपूरचे दार उघडले तोवर त्यांचे अनुयायी त्या दाराकडे पाठ फिरवून पुढे निघून गेले होते. सोलापूरशी त्यांचा जो सगळ्यात जुना धागा आहे, तोही देवळाचा नाही. तो वसतिगृहाचा आहे. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये इथे विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. पुढे जानेवारी १९३८ मध्ये सोलापूरच्या नगरपालिकेने त्यांना मानपत्र दिले. हा क्रम मला बोलका वाटतो: आधी वसतिगृह, मग मानपत्र. आपण हल्ली क्रम उलटा करतो. पुतळ्याला हार आधी, आणि वसतिगृहाच्या गळक्या छताचा अर्ज तसाच.

अमेरिकेतही स्वप्नाचा भाव लगेच कळला. भाषणानंतर अठराव्या दिवशी, १५ सप्टेंबर १९६३ ला, बर्मिंगहॅममधल्या चर्चमध्ये बाँब फुटला आणि चार काळ्या मुली मेल्या. दहा महिन्यांनी, २ जुलै १९६४ ला, नागरी हक्कांचा कायदा झाला हेही खरे. एकाच भाषणामागे या दोन्ही गोष्टी घडल्या. कोणती मोजायची हे आपापल्या स्वभावावर आहे. मी दोन्ही मोजतो. त्या दिवशीच्या मोर्चाचे नाव 'नोकऱ्या आणि स्वातंत्र्यासाठी' असे होते आणि मागण्यांत ताशी दोन डॉलर किमान वेतनाचा आकडा होता, हे मात्र अडीच लाखांतल्या प्रत्येकाला ठाऊक असेल. विडी कारखान्यात पाने-तंबाखू घेऊन जाणाऱ्या आणि हजार विड्यांच्या दराकडे डोळे लावून बसलेल्या आमच्या पूर्व भागातल्या बायकांना हे भाषण सांगायचे असेल, तर मी त्या आकड्यापासून सुरुवात करीन.

पूर्वार्ध विसरल्याचा तोटा इतकाच नाही. भाषणाच्या शेवटातली एक कल्पना, माणसाची पारख रंगावरून न होता शीलावरून व्हावी ही, आज तिकडे नेमकी उलटी वापरली जाते. रंग बघायचा नाही ना, मग काळ्यांना प्रवेशात विशेष संधी तरी का द्यायची, असा युक्तिवाद होतो. २९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वंश लक्षात घेऊन प्रवेश देण्याची पद्धत मोडीत काढली. इकडेही 'जात विसरा, गुणवत्ता बघा' हे वाक्य बहुतेक आरक्षणाच्याच चर्चेत ऐकू येते. लग्न जमवताना ते कुणी उच्चारत नाही. गंमत अशी, की खुद्द किंग यांचे मत काय होते हे नोंदलेले आहे आणि त्यात आपलाच दाखला आहे. १९६४ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी नेहरूंशी झालेली भेट सांगितली आहे. अस्पृश्य विद्यार्थ्याला प्रवेशात झुकते माप देणे हाही भेदभावच नव्हे का, असे सोबतच्या प्राध्यापकांनी विचारले. असेलही, पण शतकानुशतकांच्या अन्यायाचे प्रायश्चित्त घेण्याचा हा आमचा मार्ग आहे, अशा आशयाचे उत्तर मिळाले. किंग यांनी ते मान्य करून आपल्या देशापुढे ठेवले.

मग पूर्ण भाषण वाचावे, हिशेबासकट वाचावे, असे म्हटले की सगळ्यात अवघड आक्षेप समोर येतो. तो मोहोळ किंवा करमाळ्याच्या एखाद्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या तोंडून यावा असा आहे. 'माझ्याकडे दोन एकर जमीन, बोअर आटलेले, पोरगा शिकून घरी बसलेला. कुणाचे देणे मी का फेडू?' आज महाराष्ट्रात प्रत्येकाच्या खिशात एक न वटलेला चेक आहे. मराठ्यांचा आहे, इतर मागासांचा आहे, धनगरांचा आहे, भटक्यांचा आहे. हिशेब काढायचे म्हणता म्हणता २०२३ पासून आपण गावागावांत चहाच्या टपऱ्यासुद्धा वेगळ्या होताना पाहिल्या. सोलापूर विद्यापीठाला कुणाचे नाव द्यायचे यावरून दोन समाज समोरासमोर आले, तेही अहिल्यादेवी आणि महात्मा बसवेश्वर अशा थोरांच्या नावाने. २०१९ मध्ये अहिल्यादेवींचे नाव लागले. मनातले खरखरणे कुठल्या अधिसूचनेने जात नाही. तेव्हा हिशेब उकरल्याने एकता येत नाही, फूट पडते, असे कुणी म्हटले तर त्याला एकदम 'प्रस्थापित' म्हणून झटकता येणार नाही.

या आक्षेपाचे उत्तर मला किंग यांच्याच रूपकात दिसते, आणि ते सहज नजरेतून सुटते. तो चेक शेजाऱ्याच्या नावाचा नव्हता. गोऱ्या शेतमजुराने काळ्या शेतमजुराचे पैसे द्यावेत असे किंग म्हणत नव्हते. हुंडी देशाने लिहिली होती, वसुली देशाकडून करायची होती; गर्दीत उभे असलेले गोरे लोक देणेकरी म्हणून नव्हे, सोबती म्हणून आले होते. पुढे तर किंग सगळ्या वंशांच्या गरिबांची एकच मोहीम बांधायला निघाले आणि ४ एप्रिल १९६८ ला मेम्फिसमध्ये त्यांचा खून झाला, तेव्हा ते तिथे सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा द्यायला गेले होते. आपल्याकडे बिघडते ते इथे. चार जण चार न वटलेले चेक घेऊन बँकेच्या दारात उभे आहेत, आणि बँक आतून सांगते की रक्कम एकाचीच आहे, आधी तुम्ही आपसांत ठरवा. मग बाहेर मारामारी होते आणि बँकेला कुणी विचारत नाही, की बाबा, ठेवी गेल्या कुठे? गिरण्या बंद पडल्या, त्यांच्या जागी काय आले? पाणी चार-पाच दिवसांआड का येते? हे प्रश्न मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चारही भाषांत विचारता येतात.

पण सगळाच हिशेब सरकारच्या माथी मारून आपण मोकळेही होऊ नये. काही देणी शेजाऱ्याचीच असतात. खोली नाकारणे, पंगतीत बसण्याची जागा, पोरीने जातीबाहेर लग्न केले म्हणून तोडलेला घरोबा, गावातली वेगळी स्मशाने. इथे कुठला जी.आर. पुरत नाही. इथे भाषणाचा उत्तरार्ध, ते स्वप्न, कामाला येतो, कारण इथे मागणे नसते. समोरच्याला स्वतःची वेगळी कल्पना करून पाहायला लावायचे असते. म्हणून स्वप्नाचा भाग पोकळ आहे असे मी म्हणत नाही. चुकते ते पत्त्यात. हिशेब शेजाऱ्याला सांगतो आणि स्वप्न सरकारला. दोन्ही पाकिटे चुकीच्या घरी जातात.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत केलेले भाषण याच अंगाने वाचण्यासारखे आहे. आपल्याला स्वतःचे भाषण हवे असेल तर ते हे. त्यातही हुंडीचाच मुद्दा आहे, फक्त रूपकाशिवाय: राजकारणात समता मिळेल, समाजात आणि अर्थकारणात विषमता राहील, आणि हा विरोध फार काळ राहिला तर ज्यांना सोसावे लागते ते ही इमारतच उडवून देतील. बंधुतेशिवाय बाकीची दोन तत्त्वे रंगाच्या लेपापेक्षा खोल जाणार नाहीत, असे बजावताना त्यांनी अमेरिकेतली एक गोष्ट सांगितली. तिथल्या एका चर्चने प्रार्थनेत 'आमचे राष्ट्र' हा शब्द घालायचे ठरवले, तर लोकांनी हरकत घेतली. राष्ट्र म्हणण्याइतके आपण एक झालेलो नाही, म्हणून शेवटी 'ही संयुक्त संस्थाने' असा शब्द घातला गेला. त्याच ओघात ते म्हणाले की अमेरिकेला जातीचा प्रश्न नाही, आपल्याला आहे. ज्या काळात दक्षिणेतल्या बसमध्ये काळ्यांना मागच्या बाकावर बसावे लागत होते, त्या काळात हे वाक्य म्हणजे अमेरिकेला दिलेले जरा झुकते मापच; ड्यू बॉइसना पत्र लिहिणाऱ्या माणसाला ते ठाऊक नसेल असे नाही. त्यांना त्या दिवशी आपल्या घरातले बोलायचे होते.

सोलापूरला एकतेची उदाहरणे उसनी आणावी लागत नाहीत, असे अभिमानाने म्हटले जाते, आणि लगेच चार हुतात्म्यांकडे बोट जाते. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे. १९३० च्या मार्शल लॉनंतर १२ जानेवारी १९३१ ला चौघांना येरवड्यात फाशी झाली. लिंगायत, मारवाडी, मुसलमान, मराठा. पुतळे एकाच चौथऱ्यावर. यापेक्षा मोठे उदाहरण कुठले? तरी एक शंका मनात राहते. त्यांना एकत्र आणणारा समोरचा शत्रू परका होता. परक्याविरुद्ध एक होणे सोपे नव्हते, पण स्पष्ट होते. आता समोर कुणी परका नाही.

त्याच जानेवारीत, संक्रांतीला, सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते. सात नंदीध्वज निघतात, अडुसष्ट लिंगांना प्रदक्षिणा घालतात. पांढऱ्या बाराबंदीतले हजारो भक्त एकाच रस्त्याने चालतात, आणि त्यात मातंग समाजाच्या मानाचे नंदीध्वजही असतात. किती गावांत हे दिसेल? पण ते सहावे आणि सातवे असतात. यात कुणी दुखावण्याचे कारण नाही, परंपरेचा क्रम आहे, मानकऱ्यांना त्या मानाचा अभिमान आहे, आणि बाहेरून येऊन त्यावर प्रवचन झोडणारा मी कोण? तरीही बाळीवेशीत उभा राहून ते डोलत जाणारे ध्वज बघताना एकत्र चालणे आणि सारखे असणे यांतले अंतर डोळ्यांना दिसते, आणि ते अंतर सात काठ्यांइतके आहे.

गेल्या खेपेला स्पर्धेत एका मुलीने वेगळेच केले. तिने स्वप्नाला हातच लावला नाही. हुंडीपासून सुरुवात केली, मग दोन डॉलर, मग आपल्या आजीच्या विड्यांचा हजारी दर. सभागृहात टाळ्या आल्या नाहीत. लोक नुसते ऐकत होते. चौथ्या मिनिटाला इशाऱ्याची घंटा झाली, पाचव्याला शेवटची. नियमाप्रमाणे ती वाक्य अर्धे सोडून खाली उतरली. आयोजकांना मी नंतर म्हणालो, पुढच्या वर्षी वेळ सतरा मिनिटे ठेवून पाहा. ते हसले. इतक्या स्पर्धकांना तेवढा वेळ दिला तर रात्र होईल, म्हणाले.